विहिरीखालचे दोन एकर

हे पत्र मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलं आहे. ताईंचं नाव, गाव आणि त्यांच्या यजमानांचं कॉलेज मी गाळलं आहे. पत्र चार पानांचं होतं, त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

"माझे मिस्टर इतिहासाचे प्राध्यापक आहेत. एम.ए., सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, पीएच.डी., सगळं झालंय. वय ३७. नऊ वर्षं झाली, सीएचबीवरच, म्हणजे तासिका तत्त्वावरच आहेत. तासाला ९०० रुपये आणि आठवड्याला ९ तास. मोटारसायकलवर रोज जाऊन-येऊन ८० किलोमीटर. बिल कधी चार महिन्यांनी निघतं, कधी सहा. वर्षाचे मिळून पावणेदोन लाख हातात पडतात. उन्हाळ्यात काहीच नाही. मागच्या मे महिन्यात ते चाकणला एका गोदामात माल चढवायच्या कामावर गेले होते. गावात सांगितलं, रिफ्रेशर कोर्सला गेलेत. खरं फक्त मला माहीत आहे.

आता संस्थेत जागा निघणार आहे म्हणतात. अध्यक्षांच्या माणसानं ४५ लाखांचा आकडा सांगितलाय. सासरे म्हणतात, विहिरीखालचे दोन एकर काढू, बाकीचे पाहुण्यारावळ्यांकडून आणि व्याजानं उभे करू. वडिलोपार्जित जमीन सगळी मिळून तीनच एकर आहे. मोठे भाऊजी गप्प आहेत. जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत. मिस्टर हो पण म्हणत नाहीत, नाही पण म्हणत नाहीत. रात्रीची झोप नाही. परवा म्हणाले, माझ्यापेक्षा माझा विमाच तुमच्या जास्त कामाचा. मी घरीच असते, शिलाई मशीन आहे, त्याचे महिन्याला सहा-सात हजार होतात. मुलगी दुसरीत आहे. दुसऱ्या मुलाचा विषय आम्ही काढतच नाही. जमीन विकावी का? मी अडवलं तर जन्मभर ऐकावं लागेल की हिच्यामुळं त्याची नोकरी गेली."

ताई,

विम्याचं वाक्य आधी घेते. बाकीचं सगळं, जमीनसुद्धा, त्याच्यानंतर.

माणूस वैतागला की असं काहीबाही बोलतो, हे खरं आहे. पण हे बोलणाऱ्या माणसाला रात्रीची झोप नाही आणि मे महिनाभर केलेली हमाली त्यानं अख्ख्या गावापासून लपवून ठेवली आहे. त्यामुळे मी ते वैताग म्हणून सोडून देणार नाही, तुम्हीही देऊ नका. आज मुलगी झोपल्यावर त्यांना सरळ विचारा, "तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" आडवळणानं नको, याच शब्दांत. विचारल्यामुळे तसलं काही डोक्यात शिरेल, ही भीती मनातून काढून टाका. ज्याच्या डोक्यात ते आधीच आहे त्याला कुणीतरी विचारल्यावर हलकंच वाटतं. ते हो म्हणाले किंवा नुसतेच गप्प बसले, तर त्या रात्री त्यांना एकटं सोडू नका. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, नंबर १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. त्यांनी फोन करायला नकार दिला तर तुम्ही करा, तिथं घरच्यांनाही सल्ला देतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. जिल्ह्याच्या गावी जाऊन आलं तर शेजारीपाजारी कुणाला कळायचंही कारण नाही. आणि शेतकऱ्याचं घर आहे म्हणून मुद्दाम लिहिते : फवारणीचं औषध घरात किंवा गोठ्यात असेल तर ते आजच्या आज भाऊजींच्या घरी कुलपात ठेवायला द्या. मुलगी लहान आहे, एवढं कारण पुरेसं आहे.

आता जमिनीचं. विकू नका.

"जागा निघणार आहे" हे वाक्य मी स्टाफरूममध्ये ३१ वर्षं ऐकलं. त्याचा नेमका अर्थ काय, हे तुमच्या सासऱ्यांना कुणी समजावून सांगितलं असेल असं मला वाटत नाही. अनुदानित कॉलेजातली जागा अध्यक्षांच्या खिशात नसते. आधी बिंदुनामावली, म्हणजे रोस्टर, तपासून घ्यावं लागतं, त्यावरून ती जागा कोणत्या प्रवर्गाची ते ठरतं. मग उच्च शिक्षण विभागाची एनओसी, म्हणजे ना-हरकत, लागते. त्यानंतर पेपरात जाहिरात येते, निवड समिती बसते, तिच्यात कुलगुरूंचा माणूस असतो, बाहेरचे विषयतज्ज्ञ असतात. निवड झाली की विद्यापीठाची मान्यता, आणि शेवटी सहसंचालक कार्यालयातून पगार सुरू. यातली एक पायरी अडली की सगळंच अडतं. आणि पैसे मात्र पहिल्या पायरीच्या आधी मागितले जातात. तुमच्याकडे आत्ता मागतायत तसेच.

अडतं म्हणजे कसं, तेही सांगते. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारनं सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागा भरायला परवानगी दिली. भरती चालू झाली. निम्म्याच्याही आत जागा भरल्या होत्या तोवर करोना आला आणि ४ मे २०२० च्या शासन निर्णयानं नव्या भरतीवर बंदी आली. उरलेल्या २,०८८ जागांना पुन्हा परवानगी मिळाली ती थेट नोव्हेंबर २०२१ मध्ये. या तर सरकारनं स्वतः मंजूर केलेल्या जागा होत्या, तरी दीड वर्ष लटकल्या. त्या दीड वर्षात ज्यांचे पैसे कुणाकुणाच्या घरी जाऊन पडले होते, त्यांनी मागायचे तरी कुणाकडे? पावती नाही, साक्षीदार नाही. मला ठाऊक असलेल्या एका घरातल्या सासूबाई अध्यक्षांच्या वाड्याबाहेर ओट्यावर जाऊन बसायच्या. चहा मिळायचा, पैसे मिळाले नाहीत.

म्हणून त्या मध्यस्थाला दोनच प्रश्न विचारायला सांगा. एनओसीचा क्रमांक आणि तारीख काय? रोस्टरमध्ये इतिहासाची ही जागा कोणत्या प्रवर्गाला गेली आहे? जागा तुमच्या प्रवर्गाची नसेल तर ४५ काय आणि ९० लाख काय, ती तुमच्या यजमानांना मिळूच शकत नाही. त्यानं टाळाटाळ केली तर सहसंचालक कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कॉलेजात कळायची भीती वाटत असेल तर अर्ज तुमच्या माहेरच्या कुणाच्या नावानं करा, कोणताही नागरिक तो करू शकतो.

कायद्याचंही ऐकून ठेवा, कारण हे घरात कुणी बोलत नसतं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हासुद्धा स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारीही या कायद्यात लोकसेवक धरले जातात. बळजबरीनं द्यावी लागली असेल तर सुटका आहे, पण सात दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे. तक्रार करा, असं इथं बसून सांगणं मला सोपं आहे. ज्या तालुक्यात ते शिकवतात, तिथं त्यांना दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायचं आहे, हे मी विसरलेले नाही. तो निर्णय तुम्हा दोघांचा. पैसे न देणं मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे.

आणि हिशेब. मध्यस्थ सांगत असेल की कायम प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, वर भत्ते, चार-पाच वर्षांत सगळं फिटतं. मूळ वेतनाचा आकडा खरा आहे. पण दोन एकरांचे समजा २५ लाख आले, तर उरलेले २० व्याजानं. शेकडा दोननं धरलं तरी महिन्याला ४०,००० नुसतं व्याज, तेही पैसे दिल्या दिवसापासून. पगार कधी सुरू होईल ते वर सांगितलंच. सासऱ्यांच्या मनात पेन्शन असेल तर तेही स्पष्ट करा : १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही.

जमीन वडिलोपार्जित आहे असं तुम्ही लिहिलंय. मग त्यात भाऊजींचा हिस्सा आहे, आणि हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही जन्मानं आहे. तुमच्या दुसरीतल्या पोरीचाही. जाऊबाई बोलत नाहीत, याचं तुम्हाला वाईट वाटतंय. पण त्यांच्या जागी बसून बघा. त्यांच्या पोरांच्या वाट्याची विहीर एका माणसाच्या नोकरीसाठी चालली आहे आणि त्यांना कुणी विचारलेलंसुद्धा नाही. मला वाटतं, या घरात तुमच्या बाजूनं उभं राहणारं पहिलं माणूस जाऊबाईच असतील. त्यांच्याकडे तुम्हीच जा.

विहीर गेली की उरलेला एकर कोरडवाहू. तुमच्या घरात दरवर्षी नेमणुकीची नवी ऑर्डर न लागणारी एवढी एकच गोष्ट आहे, तिला हात लावू नका.

"हिच्यामुळं नोकरी गेली" असं म्हणतील, ही भीती मला समजते. घरात येणाऱ्या प्रत्येक अपयशाला सूनच जबाबदार, असं मानणारी घरं मी पाहिली आहेत. म्हणून हे तुम्ही एकटीनं बोलू नका. यजमानांनी स्वतः वडिलांना सांगायला हवं. "दादा, एनओसी हातात पडल्याशिवाय आपण एक रुपया काढायचा नाही, आणि जमीन तर काढायचीच नाही. मला नोकरी लागली नाही तरी चालेल, पण भावाच्या लेकरांची विहीर माझ्या नावावर नको." एवढं त्यांच्या तोंडून आलं की तुमच्यावरचं बालंट टळलं. ते आज गप्प आहेत, कारण हो म्हटलं तर बापाची जमीन जाते आणि नाही म्हटलं तर नऊ वर्षं वाया गेली असं कबूल केल्यासारखं होतं. मला तुमच्या पत्रातली खरी गाठ इथंच दिसते.

तर त्या नऊ वर्षांबद्दल. हे पान त्यांनाही वाचायला द्या.

तासिका तत्त्व आलं ते तात्पुरती गरज भागवायला. कुणी रजेवर गेलं, एखादी जागा रिकामी पडली, तर पोरांचं नुकसान होऊ नये म्हणून. आता कित्येक विभाग नुसते सीएचबीवर चालतात. आठवड्याला ९ तास, तासाला ९००, म्हणजे चार आठवडे एकही तास न बुडता झाले तर ३२,४०० रुपये. पण दिवाळीची सुट्टी, परीक्षा, गॅदरिंग, निवडणूक, पावसानं बंद पडलेला रस्ता, जिथं तास नाही तिथं पैसा नाही. पेपर तपासणं, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या दर्जा तपासणीच्या फायली, प्रवेशाच्या वेळी गावोगाव फिरून पोरं गोळा करणं, हे तास कुणी मोजत नाही. पलीकडच्या वर्गात तेच पुस्तक, तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या माणसाला महिन्याच्या महिन्याला याच्या कितीतरी पट मिळतं. पोरांना फरक कळत नाही. ती दोघांनाही सरच म्हणतात.

पात्रतेचे नियमही त्यांच्या पायाखालून सरकत राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८ च्या नियमांनी विद्यापीठातल्या नेमणुकीला जुलै २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची केली. मग ती तारीख जुलै २०२३ वर गेली. आणि ३० जून २०२३ ला पुन्हा ठरलं, नेट, सेट चालेल, पीएच.डी. ऐच्छिक. या गोंधळात हजारो मुलांनी कर्ज काढून प्रबंध पुरे केले. तुमच्या यजमानांनी त्यासाठी किती रात्री जागून काढल्या, ते तुम्हाला जास्त माहीत. प्रत्येक वेळी त्यांना सांगितलं गेलं की आता एवढंच बाकी आहे.

यूजीसीनं जानेवारी २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असा दर सुचवला. तुमच्या घरी येणारा आकडा त्याच्या कुठंच जवळ नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या सरकारी तंत्रशिक्षण महाविद्यालयांतल्या कंत्राटी प्राध्यापकांच्या खटल्यात निकाल दिला. ३०,००० रुपयांवर वर्षानुवर्षं राबवलेल्या त्या माणसांना सहायक प्राध्यापकाचं किमान वेतन द्या, असा आदेश झाला. समारंभांत "गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः" म्हणत राहणं पुरेसं नाही, असंही न्यायमूर्तींनी सुनावलं. त्यांची नेमणूक वेगळ्या प्रकारची होती, त्यामुळे तो निकाल उद्या तुमच्या दारात येईल, अशी आशा मी दाखवत नाही. पण एवढं त्यांना कळू दे की देशातलं सर्वात वरचं न्यायालयसुद्धा याला माणसाची चूक म्हणत नाही, व्यवस्थेनं केलेला अन्याय म्हणतं. त्यांनी सेट काढली, प्रबंध लिहिला, नऊ वर्षं एकही तास चुकवला नाही. आणखी काय करायला हवं होतं?

आता माझं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही. माझ्या विभागात एक सर होते, असेच तासिकेवर. समिती यायची असली की रात्री आठपर्यंत फायली लावत तेच थांबायचे. त्या वेळेचे त्यांना पैसे नाहीत, हे आम्हा कायम लोकांना माहीत होतं आणि तरी आम्ही साडेपाचला घरी जायचो. दर जूनमध्ये ते विचारायचे, "मॅडम, यंदा काही?" मी म्हणायचे, "थांबा हो, होईल." अकरा वर्षं म्हणत राहिले. मला ते धीर देणं वाटायचं. एकेचाळिसाव्या वर्षी त्यांनी कॉलेज सोडलं. निरोपाला आले तेव्हा म्हणाले, "मॅडम, पाचव्या वर्षी कुणी नाही म्हणालं असतं, तर मी तेव्हाच काहीतरी बघितलं असतं." त्या दिवसापासून मी कुणालाही "होईल" म्हणत नाही. तुम्हालाही म्हणणार नाही. जागा निघतील, काहींना मिळतील. पण त्या जागेच्या भरवशावर झोप, दुसरं मूल, लग्नकार्याला जाणं आणि खरं बोलणं, हे सगळं खुंटीला टांगून ठेवता येत नाही.

म्हणून एक तारीख ठरवा. दोघांनी बसून, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून. मी दोन शैक्षणिक वर्षं म्हणेन. तेवढ्या काळात जी जाहिरात येईल तिथं अर्ज करायचा, मुलाखती द्यायच्या, पूर्ण जोरानं. फक्त आपल्या तालुक्यात नाही, नांदेडपासून कोल्हापूरपर्यंत. आणि त्याच दोन वर्षांत दुसरं काहीतरी पायावर उभं करायचं. तारीख आली आणि ऑर्डर नसली की त्या वर्षीच्या जूनमध्ये "यंदा काही?" विचारायला जायचं नाही.

दुसरं काहीतरी म्हणजे काय, हे मी घाईनं लिहिणार नाही, कारण "सर, काहीतरी धंदा टाका" असं त्यांना शंभर जणांनी सुनावलं असेल आणि ते ऐकून त्यांना काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे. त्यांच्या ज्ञानाच्या जवळचं बघू. एम.ए.बरोबर बी.एड. झालं असेल तर उच्च माध्यमिकचा रस्ता आहे : टेट नावाची अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल. जिल्हा परिषदेच्या आणि मुलाखतीशिवायच्या जागा तिथं गुणांवर भरतात, दोन एकर लागत नाहीत. पण ती परीक्षा २०१७, २०२३, २०२५ अशी अंतराअंतरानं झाली आहे आणि वयाची अट खुल्या प्रवर्गाला ३८, मागास प्रवर्गांना ४३ आहे. ते ३७ चे आहेत, म्हणजे हे या महिन्यात बघायचं काम आहे. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात, उच्च माध्यमिकला ते महिन्याला २०,००० आहे. कमीच आहे, पण दर महिन्याला आहे आणि तीन वर्षांनी कायम होण्याची वाट आहे.

दुसरं मला इतिहासाच्या माणसाबद्दल सुचतं ते मोडी लिपीचं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधायची वेळ आली. वाटणीपत्रं, खरेदीखतं, देवस्थानांच्या जुन्या वह्या, हे कागद घरोघर पेटीत पडून आहेत आणि वाचता कुणाला येत नाही. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. ज्यांनी इतिहासात पीएच.डी. केली त्यांना सहा महिन्यांत हात बसेल. हेही कागदामागे मिळणारे पैसे आहेत, पगार नाही, हे लपवत नाही. पण ते काम कोणत्याही अध्यक्षाच्या सहीवर अवलंबून नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं रविवारी चालतात, तिथंही शिकवायला माणसं लागतात. यातलं काय त्यांच्या मनाला पटतं ते त्यांनाच ठरवू द्या. आपण ठरवून दिलं की ते आणखी एका ऑर्डरसारखं होतं.

घरखर्चाबद्दल एकच सांगते. शेतकऱ्याच्या घरात सुगी वर्षातून एकदा येते, पण ज्वारी कणगीत ठेवून बारा महिने खातात. बिलाचंही तसंच करा. सहा महिन्यांचं थकलेलं बिल एकदम आलं की उधारी फेडून जे उरेल त्याचे बारा वाटे पाडा आणि एप्रिल, मे, जूनचे तीन वाटे तुमच्या नावाच्या वेगळ्या खात्यात टाका. ते रोज ८० किलोमीटर गाडी चालवतात, तेव्हा बँकेतल्या दोन सरकारी विमा योजना चालू आहेत ना, ते तपासा : अपघाताचा २० रुपयांत २ लाखांचा, आयुर्विमा ४३६ रुपयांत २ लाखांचा. दोन्हींचे पैसे मे महिन्यात खात्यातून आपोआप कापले जातात, म्हणजे नेमके तुमच्या रिकाम्या महिन्यात. खात्यात पैसे नसले की विमा बंद पडतो आणि कळतही नाही. हे मात्र आज रात्रीचं बोलणं होऊन ते सावरल्यावर करा, आत्ता विम्याचा विषय त्यांच्यासमोर नको.

आणि ताई, तुम्ही लिहिलंत, "मी घरीच असते." पुढच्याच शब्दांत मशीनचे सहा-सात हजार आहेत. वर्षाचे ते ऐंशी हजारांच्या आसपास जातात. यजमानांचे पावणेदोन लाख. म्हणजे घरातल्या दर तीन रुपयांतला जवळजवळ एक रुपया तुमचा आहे, आणि तो मे महिन्यातही येतो. जमिनीच्या बैठकीत तुम्हाला मत आहे की नाही, असा प्रश्न कुणाच्या मनात असेल तर हा हिशेब त्यांच्यासमोर ठेवा. आधी स्वतःसमोर ठेवा.

दुसऱ्या मुलाचा विषयही काढा. हवं की नको, ते मी सांगणार नाही, तुम्ही दोघांनी बोलायचं आहे. पण तुमच्या घरात मूल कधी यावं, हे संस्थेच्या ऑफिसात ठरू नये.

चाकणचं राहिलं. माल चढवण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे मी म्हटलं तरी त्यांना पटणार नाही. गावात त्यांना सर म्हणतात आणि तो शब्दच आता त्यांना जड झाला आहे. म्हणून गावाला सांगायची गरज नाही. दोनच माणसांना सांगू दे. एक भाऊ. आणि एक त्यांच्यासारखाच सीएचबीवाला. त्याच कॉलेजात असे चार-पाच जण असतील आणि त्यातला कुणीतरी मे महिन्यात कुठल्यातरी "कोर्सला" गेलेला असेल, याची मला खात्री आहे. कुणी भावाच्या शेतात राबतो, कुणी शहरात जाऊन पार्सलं वाटतो, आणि जूनमध्ये सगळे इस्त्रीचा शर्ट घालून पुन्हा मुलाखतीला बसतात. एकमेकांना एकदा खरं सांगितलं की प्रत्येकाचं ओझं कमी होतं. पुण्यात उच्च शिक्षण संचालनालयासमोर नेट-सेटवाल्यांची धरणे आंदोलनं होत असतात. त्यांना वाटलं तर एकदा जाऊन बसू दे. मागणी मान्य होईल न होईल, पण आपल्यासारखे शेकडो लोक एका फुटपाथवर बसलेले पाहिले की माझंच काहीतरी चुकलं असेल, हे मनातून जायला मदत होते. मी स्वतः निवृत्तीनंतर एकदा गेले होते. माझ्याशेजारी बसलेल्या मुलानं डब्यातली अर्धी भाकरी मला दिली आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही कायम होता ना, मग इथं कशा?" त्याला मी माझ्या विभागातल्या सरांचं सांगितलं.

उद्या जाऊबाईंकडे जा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज या आठवड्यात जाऊ दे. आज रात्रीचा प्रश्न मात्र आज रात्रीच विचारा, आणि ते काय म्हणाले ते मला कळवा. सदरासाठी नको. मला कळवा.